मन खचलेलं असताना स्तोत्रसंहिता कशी वाचायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त. आमच्या गुरुवारच्या घरप्रार्थनेत बराच काळ बायबलमधली स्तोत्रसंहिता चालू आहे आणि नवीन कुणी आलं की तेच ते प्रश्न येतात, कधी सगळ्यांसमोर, कधी चहाच्या वेळी कोपऱ्यात घेऊन हळूच, तर कधी रात्री साडेअकराला मेसेज करून. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. मी पाळकबाई वगैरे नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, नगरकडची आहे (आता अहिल्यानगर म्हणायचं, जिभेला सवय व्हायचीये), लग्नानंतर पिंपरीत. त्यामुळे जिथे माझं मत आहे ते मत म्हणूनच घ्या.

खूप खचल्यासारखं झालंय. १५० स्तोत्रं आहेत, सुरुवात कुठून करू?

१३ पासून. १ पासून नको, कारण पहिलं स्तोत्र नीतिमान माणूस पाण्याकाठच्या झाडासारखा असतो असं सांगतं आणि आपण वाळून कोळ झालेलो असताना ते वाचून अजूनच वाईट वाटतं. १३ वं फक्त सहा ओव्यांचं आहे, मिनिटभरात होतं. पहिल्या दोनच ओव्यांत दावीद राजा चार वेळा विचारतो, किती वेळ? किती वेळ विसरणार, किती वेळ तोंड लपवणार, मी किती वेळ मनातल्या मनात घोळत बसू, शत्रू किती वेळ माझ्यावर वरचढ राहणार. आणि शेवटच्या दोन ओव्यांत तो एकदम भरवसा ठेवल्याचं बोलतो. मधे काय झालं ते लिहिलेलंच नाही. कदाचित काहीच झालं नसेल, नुसतं बोलून टाकल्यानं हलकं झालं असेल. तुम्हाला शेवटच्या दोन ओव्या मनापासून म्हणता येत नसतील तर पहिल्या चारच म्हणा आणि थांबा, उद्या परत तेच घ्या.

त्यानंतर ४२ आणि ४३ एकत्र वाचा. दोन्ही मिळून एकच गाणं असावं असं वाटतं कारण तेच ध्रुपद तीन वेळा येतं, "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" म्हणजे माणूस स्वतःशीच बोलतोय, स्वतःला विचारतोय की अरे तुला झालंय काय. आपण एरवी स्वतःचं नुसतं ऐकत बसतो ना, रात्री पडल्यापडल्या डोक्यात जे चालू असतं ते. हा माणूस उलट बोलतो, देवाची आशा धर म्हणून जिवाला सांगतो. आणि एकदा सांगून भागत नाही, तीनदा सांगावं लागतं.

देवाकडे अशी तक्रार केलेली चालते? विश्वास कमी पडतोय असं नाही का होत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात दबक्या आवाजात येतो.

माझ्या वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला तेव्हाचं सांगते. अकरा दिवस आयसीयूच्या बाहेरच्या खुर्च्यांवर काढले. भेटायला येणारा जो तो म्हणायचा, रडू नकोस, रडलीस म्हणजे विश्वास नाही असं होईल, फक्त स्तुती कर. सगळे प्रेमानंच सांगत होते, पण मला स्तुती येतच नव्हती, घशातून आवाजच निघत नव्हता, आणि वरून आता बापाच्या जिवाबरोबर माझा विश्वास पण गेला की काय ही नवीन भीती. एका रात्री मोबाईलवर सहज स्तोत्रं चाळत बसले आणि ६९ वं उघडलं. पाणी गळ्याशी आलंय, चिखलात रुतलोय, पाय टेकायला जागा नाही, हाक मारून मारून घसा बसलाय. मी ते वाचून तिथेच हमसून हमसून रडले. बायबलमध्ये हे लिहिलेलं आहे आणि मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग मोजायला लागले. स्तोत्रांपैकी साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत, दुसऱ्या कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त. हिब्रू भाषेत या पुस्तकाचं नाव तेहिलीम, म्हणजे स्तुतिगीतं, आणि त्या स्तुतिगीतांच्या पुस्तकात एवढं रडगाणं भरलेलं आहे. म्हणजे ज्यांनी हे पुस्तक जुळवलं त्यांच्या लेखी देवासमोर रडणं हे स्तुतीच्याच घरात बसत होतं.

एक फरक मात्र आहे. १०६ व्या स्तोत्रात इस्राएल लोक रानात आपापल्या तंबूत बसून कुरकुर करतात आणि ते देवाला आवडत नाही. ती कुरकुर देवाच्या पाठीमागे चाललेली होती. दावीद, आसाफ, कोरहाचे वंशज (हे मंदिरातले गायक) जे बोलतात ते तोंडावर बोलतात, "हे परमेश्वरा" अशी हाक मारून मग भांडतात. पोरगं रुसून घर सोडून गेलं तर काळजी, पण पाय आपटत स्वयंपाकघरात येऊन आईशी भांडलं तर ते अजून घरातच आहे की. भांडायला तरी ते आईकडेच आलं.

स्तोत्र ८८ वाचलं आणि घाबरलो. त्यात शेवटी काही आशाच नाही. असलं बायबलमध्ये कशाला?

हो, ते असंच आहे. बाकीच्या जवळजवळ सगळ्या विलापांत शेवटी कुठेतरी उजेड येतो, ८८ मध्ये नाही. हिब्रूमध्ये तर शेवटचा शब्दच अंधार असा आहे. मथळ्यात हेमानाचं नाव आहे. मित्र दूर गेले, तारुण्यापासून मरणाच्या दारात आहे, असं सगळं सांगून तो गप्प बसतो.

माझ्या पुरतं सांगायचं तर मला हे स्तोत्र असल्याचा आधार वाटतो. ज्या दिवशी काहीच बरं वाटत नाही त्या दिवसासाठी पण एक पान राखून ठेवलंय. आणि एक बघा, सुरुवातीलाच तो "माझ्या उद्धाराच्या देवा" म्हणतो, रात्रंदिवस ओरडतो म्हणतो, पुढे परत सकाळी प्रार्थना करतो म्हणतो. उत्तर आलेलं नाही तरी याचं येणं चालू आहे. एवढंच. याच्यावर ओढूनताणून गोड शेवट चिकटवू नका, जसं आहे तसं राहू द्या.

स्तोत्र २३ मयतीचं आहे ना? घरात रोज म्हटलं तर चालतं का?

चालतं म्हणजे काय, पळतं! आपल्याकडे ते दफनविधीला वाचून वाचून तसं झालंय, पण त्यात मरणाचा उल्लेख एका ओवीत आणि जेवणाचा पण एका ओवीत. गंमत म्हणजे आपण महाराष्ट्रातले लोक हे स्तोत्र फार चांगलं समजू शकतो. तुम्ही पावसाळा संपल्यावर धनगरांचे वाडे घाट उतरून जाताना बघितले असतील, पुढे मेंढरं, घोड्यावर बिऱ्हाड, कोंबड्या, लहान पोरं, बाजूनं कुत्री. रात्री शेतकऱ्याच्या रानात मेंढरं बसवतात, त्याला खत मिळतं, यांना धान्य. त्या मेंढराला पुढचा चारा कुठाय, घाट किती अवघड आहे यातलं काहीही माहीत नसतं, त्याला फक्त धनगराची आरोळी माहीत असते. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही" हे अशा चालत्या कळपातल्या मेंढराचं बोलणं आहे. कॅलेंडरवरच्या चित्रात पांढरीशुभ्र धुतलेली मेंढरं असतात, तसली मी तरी कुठल्या वाड्यात बघितली नाहीत.

अजून एक, हे मला फार उशिरा लक्षात आलं. पहिल्या तीन ओव्यांत तो देवाबद्दल बोलतो, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या ओवीत काळोखी दरी येते आणि एकदम बोलणं बदलतं, "तू माझ्याबरोबर आहेस". कुरणात होता तोवर "तो", दरीत आल्यावर "तू". पाचव्या ओवीत शत्रूंच्या देखत ताट वाढलेलं आहे आणि डोक्याला तेलाचा अभ्यंग, हा शब्द आपल्या मराठी भाषांतरातला, वाचला की मला दिवाळीच्या पहाटे शेजारच्या घरातून येणारा उटण्याचा वास आठवतो.

घराच्या दारावर स्तोत्र ९१ लावलं तर संकट येणार नाही ना?

लावा जरूर, पण ताईत म्हणून नको. कोविडच्या वेळी हे स्तोत्र प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरत होतं, त्यात मरीचा उल्लेख आहे ना म्हणून. आणि ज्यांच्या घरी ते रोज मोठ्यानं म्हणत होते त्यांच्या घरातली पण माणसं गेली, मग उरलेले विचारायला लागले की आमचं काय चुकलं, कुठली ओवी चुकीची म्हटली. काय उत्तर देणार?

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढा. येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करून सैतान म्हणतो खाली उडी टाक, तुझ्या पायाला दगडाची ठेच लागू नये म्हणून देवदूत तुला झेलतील असं लिहिलं आहे. कुठे लिहिलं आहे? याच ९१ व्या स्तोत्रात. म्हणजे हे स्तोत्र गॅरंटी कार्डासारखं वापरायची आयडिया कुणाची होती ते बघा. येशूनं उडी टाकली नाही. ९१ च्या शेवटाकडे देव म्हणतो, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन, म्हणजे संकट येणार हे त्या स्तोत्रातच धरलेलं आहे.

"तो तुझे मनोरथ पूर्ण करील" म्हणजे मी मागेन ते मिळेल?

३७:४, म्हणजे ३७ व्या स्तोत्राची चौथी ओवी. नवीन गाडीच्या फोटोवर ही ओवी लिहिलेली मी इतक्यांदा बघितलीये की विचारू नका. पूर्ण स्तोत्र वाचा हो. ते एका म्हाताऱ्या माणसाचं स्तोत्र आहे, पंचविसाव्या ओवीत तो स्वतःच सांगतो की मी तरुण होतो आता म्हातारा झालोय. आणि तो तरुणांना सांगतोय की वाईट माणसांचं चांगलं चाललेलं बघून जळफळाट करून घेऊ नका. गाडीचा विषय नाहीये त्यात.

आणि ४६:१०, "शांत राहा"?

तळ्याकाठच्या फोटोवर असतं ते. पण त्या स्तोत्रात पृथ्वी हलतीये, डोंगर समुद्रात कोसळतायत, राष्ट्रं खवळलीयेत, आणि देव धनुष्यं मोडून भाले तोडून टाकतोय. त्या गोंगाटात तो शब्द येतो आणि हिब्रूमध्ये त्याचा अर्थ हात सैल सोड, पुरे कर असा निघतो. ध्यानधारणेपेक्षा लढाई थांबवण्याच्या जवळचं आहे. मार्टिन लूथरनं याच स्तोत्रावरून त्याचं देव आमचा बळकट गड आहे हे गीत रचलं, ते वाचताना पण तळं आठवत नाही.

ही सगळी स्तोत्रं दाविदानंच लिहिली का?

नाही. मथळ्यांत ७३ स्तोत्रांवर दाविदाचं नाव आहे, १२ वर आसाफाचं, बरीच कोरहाच्या वंशजांची, ९० वर मोशेचं, ७२ आणि १२७ वर शलमोनाचं, आणि कितीतरी बेनावाची. १३७ तर बाबेलच्या बंदिवासातलं आहे, दाविदानंतर शेकडो वर्षांनी. पाच भाग केलेले आहेत, ४१, ७२, ८९, १०६ आणि १५० ला एकेक भाग संपतो. मला बेनावाची जास्त आवडतात, का ते सांगता येत नाही.

आणि ही आधी यहुदी लोकांची प्रार्थना आहे हे विसरू नये. आपल्या कोकणातले बेने इस्राएल, घरी आपल्यासारखंच मराठी बोलणारे, ते ही स्तोत्रं हिब्रूत म्हणत आलेत.

मग ख्रिस्ती माणसानं जुन्या करारातली प्रार्थना का करायची? आपल्याला येशूनं प्रभूची प्रार्थना दिलीये की.

कारण येशू स्वतः ही म्हणत होता. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले असं मत्तय आणि मार्क दोघंही लिहितात. यहुद्यांच्या वल्हांडण सणाला ११३ ते ११८ म्हणायची रीत, म्हणजे बहुतेक तीच असणार. आता ११८ हातात घ्या आणि विचार करा की हे गाऊन झाल्यावर त्याच रात्री येशूला धरलं. बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड कोनशिला झाला, ही ओवी त्याच ११८ मध्ये आहे.

आणि वधस्तंभावर? "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे २२ व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे. प्राण सोडताना "तुझ्या हाती मी आपला आत्मा सोपवून देतो", ते ३१ वं. मरणाच्या वेदनेत माणसाला नवीन शब्द सुचत नाहीत, पाठ असलेलं तेवढं ओठावर येतं. देवाच्या पुत्राला पण त्या वेळी लहानपणी पाठ केलेली स्तोत्रंच आठवली, हे मला दर उत्तम शुक्रवारी नव्यानं लागतं. तेव्हा पोरांना संडे स्कूलमध्ये पाठांतर करायला लावतात त्याला नाकं मुरडू नका.

२२ वं पुढे पूर्ण वाचा, बाविसाव्या ओवीपासून ते स्तुतीकडे वळतं. पण त्याची घाई करू नका, आधी एकवीस ओव्या आहेत.

शत्रूंना शाप दिलेली स्तोत्रं आहेत, ती पण म्हणायची? येशू तर शत्रूवर प्रीती करा म्हणतो.

१०९, ५८, १३७ चा शेवट. १३७ ची शेवटची ओवी मी घरप्रार्थनेत मोठ्यानं वाचायला कुणाला सांगत नाही, लहान मुलं बसलेली असतात. पण ती काढून टाकावी असंही मला वाटत नाही. ज्यांच्या डोळ्यांदेखत यरुशलेम जाळलं, लेकरं मारली, त्यांना पकडणारेच म्हणतायत की जरा तुमची गाणी म्हणून दाखवा. त्या माणसाच्या पोटात काय असेल? तेच त्यानं देवासमोर ओकलं. यात एक गोष्ट आहे की सूड तो देवाच्या हातात देतो, स्वतः तलवार घेऊन निघत नाही. आमच्याकडे एक बहीण यायची, नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेली. तिला सगळे क्षमा कर क्षमा कर म्हणायचे. ती मला म्हणाली, ताई, क्षमा नंतर बघू, आधी मला ओरडायला जागा पाहिजे. मी तिला १०९ काढून दिलं. बरोबर केलं की चूक मला आजही नक्की सांगता येणार नाही, पण ती प्रार्थनेला येत राहिली.

माझ्या चुकीमुळेच हे सगळं झालंय. मी कुठल्या तोंडानं आशा मागू?

५१. मथळाच वाचा, बथशेबाच्या प्रकरणानंतर नाथान संदेष्टा दाविदाकडे आला तेव्हाचं. व्यभिचार आणि नंतर तिच्या नवऱ्याचा काटा काढला, यापेक्षा जास्त काय करायचं राहिलं? आणि त्याच माणसाचं हे स्तोत्र मंदिरात सगळ्यांनी गायलं. जोडीला ३२ घ्या, त्यात तो सांगतो की पाप दाबून ठेवलं तोवर हाडं झिजत होती.

अशी सात पश्चात्तापाची स्तोत्रं मानतात, ६, ३२, ३८, ५१, १०२, १३० आणि १४३. संत ऑगस्टिन ४३० साली मरणपंथाला लागला होता, बाहेर त्याच्या हिप्पो शहराला वॅंडल लोकांचा वेढा पडलेला, तेव्हा त्यानं पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि अंथरुणावर पडून ती वाचत रडायचा. बिशप होता तो, केवढा मोठा विद्वान, आणि शेवटी भिंतीवर काय तर क्षमा कर.

प्रामाणिक राहून मी मागेच पडलो, बाकीचे पुढे गेले. यावर काही आहे का?

७३. आसाफ सरळ कबूल करतो की दुष्टांची भरभराट बघून माझा पाय घसरायचाच बाकी होता, त्यांना काही त्रास नाही, अंगानं धष्टपुष्ट, मी उगाच मन स्वच्छ ठेवलं. प्रमोशनची लिस्ट लागल्यावर माझ्या नवऱ्यानं बोललेली वाक्यं आहेत ती जवळजवळ. सतराव्या ओवीत तो देवाच्या पवित्रस्थानात जातो आणि मग त्याची नजर बदलते. परिस्थिती बदलत नाही, ते दुष्ट अजूनही गुटगुटीतच आहेत.

पेरलं आणि वाया गेलं. आम्ही शेतकरी माणसं, आमच्यासाठी काय?

१२६. अश्रू गाळत पेरणारे हर्षानं कापणी करतील. शहरातल्या लोकांना कळत नाही की पेरताना रडायचं कशाला. ज्यानं घरात खायला उरलेल्यातलंच बी म्हणून मातीत टाकलंय त्याला कळतं, आणि मराठवाड्यात ज्यानं पावसानं ओढ दिल्यावर उसनं बियाणं आणून दुबार पेरणी केलीये त्याला तर जास्तच. हे स्तोत्र पाऊस पाडायचा मंत्र नाही. रडत का होईना पेरायला जाणाऱ्याला ते सोबत करतं.

डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. एक जण म्हणाले गोळ्या बंद करून फक्त स्तोत्रं म्हण.

गोळ्या बंद करू नका. डॉक्टरला विचारल्याशिवाय एकही नाही. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या घेताना कुणी विश्वास काढत नाही, मग याच गोळ्यांनी काय पाप केलंय. स्तोत्रं म्हणा, औषध पण घ्या, झोप पण घ्या. ३ ऱ्या स्तोत्रात दावीद पोटच्या पोरापासून, अबशालोमापासून पळतोय आणि त्यात म्हणतो मी निजलो, झोपी गेलो आणि जागा झालो. झोप लागली हीच त्या दिवसाची साक्ष.

आणि जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर आत्ता लगेच घरातल्या कुणाला तरी सांगा आणि १४४१६ ला फोन लावा. ती सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पाळकांना नंतर सांगितलं तरी चालेल.

भाषा फार जड वाटते. "लुलपते" म्हणजे काय?

४२ व्या स्तोत्राची सुरुवात, हरिणी पाण्याच्या प्रवाहासाठी लुलपते. तहानेनं कासावीस होऊन जीभ बाहेर काढून धापा टाकणं म्हणा ना. मला तर हा शब्द भयंकर आवडतो, उन्हाळ्यात हापशावर पाण्याला नंबर लावलेल्या माणसाला तो बरोबर कळतो, बदलू नये. पण अडत असेल तर सोपं भाषांतर जोडीला ठेवा. फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जे २०२० च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, त्यांचं सुबोध बायबल नावाप्रमाणेच सुबोध आहे.

पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. त्यांचं आयुष्य बघा, १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील गेले, लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच नवरा गेला, १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या स्वतः. छापील बायबल आलं १९२४ मध्ये. विलापाची स्तोत्रं मराठीत आणताना त्यांना शब्दकोशाची फार गरज पडली नसणार असं मला उगाच वाटतं.

कॅथलिक मैत्रीण म्हणते तिच्या आजीच्या जुन्या पुस्तकात "मेंढपाळ" २२ वं आहे. कोण बरोबर?

दोघी. जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरात ९ आणि १० एकत्र धरलेत म्हणून पुढचे बरेच नंबर एकानं मागे पडतात. नवीन कॅथलिक बायबलमध्ये आता बहुतेक आपल्यासारखेच नंबर असतात.

"सेला" म्हणजे?

नक्की कुणालाच माहीत नाही, बहुतेक गाण्यातली खूण असावी, थांबा किंवा वाद्य वाजवा अशी. स्तोत्रांत ७१ वेळा येतं. मी तिथे श्वास घेते.

रोज किती वाचायचं?

सोपी ट्रिक आहे, तारखेनं. आज ७ तारीख असेल तर ७, मग तीस तीस मिळवत जा, ३७, ६७, ९७, १२७. रोज पाच, महिन्यात १५०. फक्त २९ तारखेला ११९ वं येतं, १७६ ओव्यांचं, हिब्रूच्या बावीस अक्षरांवर आठ आठ ओव्या, ते ३१ तारखेला ढकला. पाच जमत नसतील तर त्यातलं एक निवडा. तेही होत नसेल तर ११७ आहे, दोनच ओव्यांचं, रिक्षा येईपर्यंत होतं.

नुसतं वाचून मनाला लागत नाही. काय करू?

म्हणा, गा. ही गायचीच आहेत. हिब्रू कवितेत यमक शब्दांचं नसतं, अर्थाचं असतं, एक गोष्ट सांगायची आणि लगेच दुसऱ्या शब्दांत परत सांगायची. तुम्ही अभंग ऐकत वाढला असाल तर देवाशी सलगीनं भांडायची रीत तुम्हाला नवीन नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणायचे की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि त्यांनीच आपल्या मंडळ्यांना टाळ मृदंगावर भजनं दिली, नाहीतर आपण नुसती पेटीवर इंग्रजी चालींची गाणी म्हणत बसलो असतो. कुठलीही ओळखीची चाल घ्या, शब्द बसवा, बेसूर असलात तरी दार लावून म्हणा. मी करते.

शेजारणीचा तरुण मुलगा गेला. तिला कुठलं स्तोत्र पाठवू?

कुठलंच नको. डबा घेऊन जा. पिठलं भाकरी, वरण भात, काहीही. जाऊन बसा. ती बोलली तर ऐका. ३४:१८ मध्ये परमेश्वर भग्नहृदयी लोकांच्या सन्निध असतो असं आहे, मग तुम्ही पण सन्निध असा, मोबाईलवर नको. आठदहा दिवसांनी गर्दी ओसरल्यावर, तिनं म्हटलं काहीतरी वाच, तर ५६ वं वाचा, देव आपली आसवं बुधलीत साठवून ठेवतो ते. समजावून सांगू नका, नुसतं वाचा.

आईला आता दिसत नाही आणि फारसं लक्षात पण राहत नाही. तिच्यासाठी काय करता येईल?

माझ्याच आईचं सांगते. ऑडिओ लावून बघितला, तिला तो परका आवाज आवडत नाही. मग मी १३६ वं घ्यायला लागले. त्यात प्रत्येक ओवीला तेच पालुपद आहे, "त्याची दया सनातन आहे", सव्वीस वेळा. मी पहिला अर्धा भाग म्हणते आणि दुसरा अर्धा ती म्हणते. नातवाचं नाव तिला आठवत नाही, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण हे बरोबर येतं, माझी ओळ संपायच्या आधीच सुरू करते. मधेच म्हणते, किती वेळा तेच तेच गं. दहाव्या बाराव्या ओवीपर्यंत बहुतेक झोप लागते. मग राहिलेल्या ओव्यांची दोन्ही बाजूची वाक्यं मीच म्हणते, हळू आवाजात, आणि लाईट बंद करते.